ऑस्ट्रेलियात माणसं कामाला ठेवताना: कर, सुपर आणि सवलतींबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेलबर्नच्या पश्चिमेकडच्या उपनगरांत मी छोट्या धंद्यांचे पगार आणि बॅसचे (धंद्यानं कर खात्याला ठरावीक काळानं द्यायच्या विवरणपत्राचे) हिशेब बघते. गिऱ्हाइकांत डबे पुरवणारे आहेत, चाइल्डकेअर चालवणाऱ्या ताई आहेत, तीन माणसांची आयटी कंपनी आहे. प्रश्न तेच ते येतात. बहुधा रात्री नऊनंतर व्हॉट्सॲपवर येतात, आणि बहुधा तारीख उलटून गेल्यावर. म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. आकडे २०२५-२६ या आर्थिक वर्षाचे आहेत (इथलं वर्ष १ जुलै ते ३० जून). १ जुलै २०२६ पासून जिथे नियम बदलतो, तिथे तसं सांगितलं आहे.

सुपर म्हणजे आपला पीएफच ना?

चुलतभाऊ म्हणा, सख्खा नाही. पीएफमध्ये कर्मचाऱ्याच्या पगारातून १२ टक्के कापतात आणि मालक आपला हिस्सा घालतो. इथे सक्ती फक्त मालकावर आहे. तो मूळ पगाराच्या वर १२ टक्के कर्मचाऱ्याच्या सुपर फंडात भरतो. पैसे सरकारी खात्यात पडून राहत नाहीत, फंड ते बाजारात गुंतवतो. त्यामुळे व्याजदर जाहीर होण्याची वाट बघायची नसते, आणि एखाद्या वाईट वर्षी शिल्लक कमी झालेलीही दिसते.

ही सक्ती १९९२ साली सुरू झाली तेव्हा दर बहुतेक छोट्या मालकांसाठी ३ टक्के होता. तो चढत चढत १ जुलै २०२५ ला १२ वर आला आणि तिथेच थांबला.

दुसरा मोठा फरक पैसे काढण्याचा. मुलीचं लग्न, घराची दुरुस्ती अशा कारणांसाठी सुपर मिळत नाही. साठी ओलांडून नोकरी सोडली किंवा वयाची ६५ वर्षं पूर्ण झाली, की मग. गंभीर आजार, अगदी टोकाची आर्थिक ओढाताण असे काही अपवाद आहेत, पण अटी कडक आहेत.

ऑफर लेटरमध्ये '८५,००० पॅकेज' लिहिलंय. हातात किती?

आधी एकच शब्द शोधा: 'सुपरसह' की 'अधिक सुपर'. सुपरसह असेल तर मूळ पगार सुमारे ७५,८९३ डॉलर आणि उरलेले ९,१०७ फंडात. अधिक सुपर असेल तर पगार पूर्ण ८५,००० आणि वर १०,२०० फंडात. भारतातून नुकती आलेली मुलं ही ओळ वाचतच नाहीत, कारण सीटीसीची सवय असते. सही करण्याआधी ईमेलवर विचारून घ्या. त्याचं इथे कोणाला वाईट वाटत नाही.

कॅज्युअल पोराला आठवड्यात एकच शिफ्ट देतो. त्यालाही सुपर?

हो, पहिल्या डॉलरपासून. पूर्वी महिन्याला ४५० डॉलरच्या आत कमाई असली तर सुपर द्यावं लागत नसे. ती मर्यादा १ जुलै २०२२ पासून गेली, तरी अजून मला 'साडेचारशेचा नियम' सांगणारे भेटतात. विद्यार्थी व्हिसा, पार्टटाइम, कॅज्युअल, धंद्यात पगारावर असलेली बायको, सगळ्यांना लागू. अठराच्या खालच्या मुलांना मात्र ज्या आठवड्यात ३० तासांपेक्षा जास्त काम झालं, त्याच आठवड्याचं.

१२ टक्के मोजायचे ते नेहमीच्या तासांच्या कमाईवर. ओव्हरटाइम धरायचा नाही. घेतलेली रजा, कॅज्युअल लोडिंग (कॅज्युअल माणसाला रजेऐवजी मिळणारा जादा दर), कमिशन आणि बहुतेक बोनस धरायचे. नोकरी सुटताना शिल्लक रजेचे जे पैसे देता त्यावर सुपर नाही, पण नोटिशीऐवजी दिलेल्या पगारावर आहे. ही शेवटची गोष्ट बऱ्याच जणांची चुकते.

सुपर दर तीन महिन्यांनी भरतो. 'पेडे सुपर' आल्यावर काय बदलणार?

जवळपास सगळंच, म्हणून इथे जरा थांबून वाचा.

आतापर्यंत तिमाही संपल्यावर २८ ऑक्टोबर, २८ जानेवारी, २८ एप्रिल, २८ जुलै या तारखांपर्यंत सुपर फंडात पोचलं की झालं. १ जुलै २०२६ पासून पगार ज्या दिवशी दिला, त्यानंतर कामकाजाच्या सात दिवसांत ते फंडात पोचलं पाहिजे. तुम्ही बटण दाबलं तो दिवस धरत नाहीत, फंडाला मिळाले तो दिवस धरतात. दर आठवड्याला पगार देत असाल तर सुपरही दर आठवड्याला. नव्या माणसाच्या पहिल्या हप्त्याला वीस कामकाजाचे दिवस मिळतात.

यात तीन ठिकाणी लोक अडकणार असं मला दिसतं.

एक, एटीओचं (ऑस्ट्रेलियाच्या कर खात्याचं) छोट्या धंद्यांसाठीचं फुकट क्लिअरिंग हाउस, म्हणजे सगळ्यांचं सुपर एकदम भरून ज्याच्या त्याच्या फंडात पोचवणारी सोय. ते नव्या लोकांना १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झालं आणि १ जुलै २०२६ पासून सगळ्यांनाच बंद. त्यातून भरत असाल तर जून संपायच्या आत जुन्या नोंदी उतरवून घ्या आणि पगाराच्या सॉफ्टवेअरमधून भरायची सोय करा.

दोन, २०२६ चा जुलै महिना. एप्रिल ते जूनचं सुपर जुन्या पद्धतीनं २८ जुलैपर्यंत भरायचंच आहे आणि जुलैतल्या प्रत्येक पगाराचं नव्या पद्धतीनं सात दिवसांत. दोन्हीचा भार एकाच महिन्यावर. शिवाय जूनमध्ये केलेल्या कामाचा पगार जुलैत दिला तर तो नव्या नियमात येतो, कारण मोजायचा असतो तो पगाराचा दिवस. ज्यांनी तिमाहीचं सुपर खात्यात ठेवून त्यावर माल भरायची सवय लावून घेतली आहे, त्यांना हा महिना जड जाईल. ते पैसे तसेही तुमचे नव्हते, पण ते असो.

तीन, नावं. हे आपल्या लोकांचं खास दुखणं. पासपोर्टवर मधलं नाव वडिलांचं, फंडात ते गाळलेलं, पेरोलमध्ये आडनाव आधी, लग्नानंतर बदललेलं नाव टीएफएनवर (कर क्रमांकावर) अजून जुनंच. फंडाला माणूस ओळखता आला नाही तर पैसे परत येतात. पूर्वी तीन महिन्यांच्या मुदतीत ते निस्तरता यायचं, सात दिवसांत नाही येणार. प्रत्येकाचं नाव, जन्मतारीख आणि सदस्य क्रमांक आत्ताच ताडून घ्या.

दोन दिवस उशीर झाला. एवढं काय बिघडतं?

जुन्या पद्धतीतलं गणित दाखवते. एका माणसाची तिमाहीची नेहमीची कमाई १५,००० आणि ओव्हरटाइम २,०००. वेळेत भरलं असतं तर १,८०० डॉलर. तारीख चुकली की ओव्हरटाइमही हिशेबात येतो, म्हणजे १७,००० चे १२ टक्के, २,०४० डॉलर. त्यावर १० टक्के व्याज, आणि तेही उशीर झाल्या दिवसापासून नाही, तिमाहीच्या पहिल्या दिवसापासून. वर माणशी २० डॉलर प्रशासकीय शुल्क. आणि सगळ्यात बोचणारी गोष्ट: ही रक्कम धंद्याचा खर्च म्हणून करातून वजा होत नाही. वेगळं विवरणपत्र भरून ती एटीओला कळवावी लागते, फंडात गुपचूप भरून टाकलं म्हणजे मिटत नाही.

नव्या पद्धतीत ओव्हरटाइमचा आणि वजावटीचा जाच कमी केला आहे, पण रोजच्या रोज चढणारं व्याज आणि थकबाकीवर ६० टक्क्यांपर्यंत प्रशासकीय आकार आहे. चूक आपणहून कळवली तर तो आकार कमी होतो. एटीओनं शोधून काढायची वाट बघू नका. पगाराची नोंद सिंगल टच पेरोलमधून आणि पैसे आल्याची नोंद फंडाकडून, दोन्ही त्यांच्याकडे पोचतात.

कंपनी बुडाली तरी सुटका नाही. न भरलेल्या सुपरसाठी आणि पगारातून कापलेल्या करासाठी डायरेक्टर स्वतः जबाबदार धरला जातो. नावापुरती डायरेक्टर केलेली पत्नीसुद्धा.

पेस्लिपवर सुपरचा आकडा आहे. म्हणजे मिळालंच ना?

नाही. माझ्या इथल्या पहिल्या नोकरीत, एका हॉटेलच्या काउंटरवर, मला दर आठवड्याला छापील पेस्लिप मिळायची आणि तळाशी सुपरचा आकडा असायचा. मी त्या प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये नीट लावून ठेवत होते. वर्षभरानं फंडात लॉगिन केलं तर शिल्लक शून्य. पेस्लिपवरचा आकडा म्हणजे 'देणं लागतो' एवढंच.

फंडाचं ॲप उघडून महिन्यातून एकदा बघा, किंवा मायगव्ह या सरकारी संकेतस्थळावरून एटीओच्या पानावर जा. पैसे दिसत नसतील तर आधी मालकाला लेखी विचारा, मग एटीओकडे ऑनलाइन तक्रार करा. व्हिसा कोणताही असला तरी हा हक्क आहे. उशीर मात्र करू नका: कंपनी दिवाळखोरीत गेली तर थकलेल्या पगारासाठी सरकारची जी हमी योजना आहे, तिच्यात सुपर येत नाही, आणि ती तात्पुरत्या व्हिसावाल्यांना मिळतही नाही.

ड्रायव्हरला एबीएन काढायला सांगितलं तर सुपर टळेल?

हा सल्ला तुम्हाला ज्यानं दिला, त्याला दंड भरताना बरोबर घेऊन जा. एबीएन हा धंद्याचा अकरा आकडी क्रमांक आहे, त्यानं नातं बदलत नाही. माणूस तुमच्या वेळेवर, तुमच्या सांगण्याप्रमाणे, तुमच्याच कामात राबत असेल तर तो कर्मचारी. आणि खरोखर कंत्राटदार असला, तरी व्यक्तीशी केलेला करार मुख्यतः त्याच्या श्रमासाठी असेल, काम त्यानं स्वतःच करायचं असेल, तर सुपरपुरता तो कर्मचारीच धरतात. करार त्याच्या प्रोप्रायटरी लिमिटेड कंपनीशी असेल तेव्हा गोष्ट वेगळी. कर्मचाऱ्याला कंत्राटदार म्हणून दाखवणं हे फेअर वर्क या कामगार कायद्याचं स्वतंत्र उल्लंघन आहे.

रोख पगार देणं बेकायदेशीर आहे का?

रोख देणं नाही, लपवणं आहे. रोख दिलेल्या पगारातूनही कर कापायचा, पेस्लिप द्यायची, सुपर भरायचं. १ जुलै २०१९ पासून, कर न कापता दिलेला पगार धंद्याचा खर्च म्हणून धरतच नाहीत. म्हणजे 'कॅशमध्ये स्वस्त पडतं' हेही खरं राहिलेलं नाही.

दोन नोकऱ्या करते, जुलैत एवढं टॅक्सचं बिल का आलं?

दोन्हीकडच्या टीएफएन फॉर्मवर करमुक्त मर्यादेला 'हो' म्हटलं असणार. पहिले १८,२०० डॉलर करमुक्त आहेत, पण वर्षातून एकदाच. जिथे जास्त पगार, तिथे 'हो' म्हणा, दुसरीकडे 'नाही'. फॉर्म भरलाच नाही तर मालकाला ४७ टक्के कापावे लागतात. १८,२०० च्या पुढचे टप्पे: ४५,००० पर्यंत १६ टक्के (१ जुलै २०२६ पासून १५), १,३५,००० पर्यंत ३०, १,९०,००० पर्यंत ३७, वर ४५. शिवाय २ टक्के मेडिकेअर लेव्ही (सरकारी आरोग्यसेवेसाठीचा कर).

या लेव्हीत आपल्या लोकांचे पैसे वाया जातात. भारताशी ऑस्ट्रेलियाचा परस्पर आरोग्यसेवेचा करार नाही, त्यामुळे तात्पुरत्या व्हिसावरच्या बहुतेक भारतीयांना मेडिकेअर मिळत नाही. मिळत नसेल तर लेव्हीही माफ होते. त्यासाठी सर्व्हिसेस ऑस्ट्रेलियाकडून तसा दाखला मागवावा लागतो. ८०,००० पगारावर हे १,६०० डॉलर होतात. कायमच्या व्हिसाचा अर्ज केल्यावर मेडिकेअर सुरू झालं असेल, तर माफी त्या तारखेपर्यंतचीच.

दिवाळीला स्टाफला काही द्यायचंय. त्यावरही कर?

माझा आवडता प्रश्न, कारण उत्तर काय द्याल त्यावर बदलतं.

इथे फ्रिंज बेनिफिट्स टॅक्स (एफबीटी) आहे, १९८६ पासून. कर्मचाऱ्याला पगाराऐवजी किंवा पगाराबरोबर जी वस्तू किंवा सोय देता, तिच्यावरचा हा कर मालक भरतो. त्याचं वर्षही निराळं, १ एप्रिल ते ३१ मार्च. दर ४७ टक्के, पण तो किमतीवर नाही, फुगवलेल्या किमतीवर. हजार डॉलरची जीएसटीसह जिम मेंबरशिप घेऊन दिलीत तर २.०८०२ नं गुणायचं आणि त्याचे ४७ टक्के: सुमारे ९७८ डॉलर. हजारावर जवळजवळ हजार!

पण कधीमधी दिलेली, ३०० डॉलरच्या आतली भेट यातून सुटते. फराळाचा डबा, ड्रायफ्रूट, साडी किंवा शर्ट, १२०-१५० डॉलरचा हॅम्पर: एफबीटी नाही आणि खर्चही वजा होतो. मागच्या दिवाळीत एका गिऱ्हाइकाला जुन्या चार माणसांना पाच-पाच ग्रॅमची सोन्याची नाणी द्यायची होती. भावना मला कळत होती. पण ३०० ची रेघ ओलांडली की वरच्या रकमेवर नव्हे, पूर्ण रकमेवर कर. शेवटी त्यांनी पगारात बोनस दिला.

तोही नीट द्यावा लागतो. पाकिटात घालून दिलेल्या ५०० डॉलरला भेट म्हणत नाहीत, तो पगार आहे. कर कापा, सुपर भरा.

हॉटेलात जेवण दिलंत आणि माणशी ३०० च्या आत राहिलात, तर एफबीटी लागत नाही, पण मग तो खर्च वजा होत नाही आणि जीएसटीही परत मिळत नाही. एकाच संध्याकाळी जेवण आणि हॅम्पर दिला तर दोन्ही वेगवेगळं मोजतात.

कामासाठी दिलेला लॅपटॉप आणि फोन यांची चिंता नको. एफबीटीचं रिटर्न मात्र टॅक्स एजंटकडून भरून घ्या, माझ्यासारखीला तो परवाना नसतो.

ऑफिसात सगळे इलेक्ट्रिक गाडी नोव्हेटेड लीजवर घेतायत. मीही घेऊ?

नोव्हेटेड लीज म्हणजे गाडीचा हप्ता मालक तुमच्या पगारातून परस्पर भरतो. फायदा खरा आहे. पूर्ण इलेक्ट्रिक गाडी १ जुलै २०२२ नंतर पहिल्यांदा वापरात आलेली असेल आणि तिची किंमत २०२५-२६ च्या ९१,३८७ डॉलर या लक्झरी मर्यादेच्या आत असेल, तर एफबीटी नाही. म्हणजे लीज, विमा, रजिस्ट्रेशन सगळं करपूर्व पगारातून. प्लग-इन हायब्रिडची ही सवलत १ एप्रिल २०२५ पासून नव्या करारांना बंद झाली. घरी बसवलेला चार्जर यात येत नाही.

एजंट जे सांगत नाही ते मी सांगते. एफबीटी माफ असला तरी गाडीच्या लाभाची रक्कम तुमच्या इन्कम स्टेटमेंटवर येते. त्यावर आयकर नाही, पण चाइल्डकेअर सबसिडी, विद्यार्थी कर्जाची परतफेड आणि मेडिकेअर लेव्ही सरचार्ज ठरवताना ती उत्पन्नात धरतात. दोन लहान मुलं चाइल्डकेअरमध्ये असतील तर आधी सबसिडीचं गणित करा, मग गाडीचा रंग निवडा.

सरकारी हॉस्पिटलात नर्स आहे. सॅलरी पॅकेजिंग घ्यावं का?

घ्याच. वर्षाला ९,०१० डॉलरपर्यंत घरभाडं, कर्जाचा हप्ता, किराणा करपूर्व पगारातून जातो, शिवाय बाहेरच्या जेवणासाठी २,६५० वेगळे. मोजणी एफबीटीच्या वर्षाप्रमाणे होते, त्यामुळे ३१ मार्चच्या आत वापरा.

पगारातून जास्तीचं सुपर कापून घेऊ का?

३० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर फायद्याचं: फंडात जाताना १५ टक्केच कर लागतो. मर्यादा वर्षाला ३०,००० डॉलर, त्यात मालकाचे १२ टक्केही आले. सुपरमधली शिल्लक ५ लाखांच्या आत असेल तर मागच्या पाच वर्षांची न वापरलेली मर्यादाही वापरता येते. आणि मालकानं 'तू स्वतः भरतोयस ना' म्हणून आपले १२ टक्के कमी केले, तर ते १ जानेवारी २०२० पासून चालत नाही.

पेरोल टॅक्स हे आणखी काय?

राज्याचा कर. छोट्यांना सहसा लागत नाही. व्हिक्टोरियात वर्षाचा एकूण पगार (सुपर धरून) १० लाख डॉलरच्या वर गेला की, न्यू साउथ वेल्समध्ये १२ लाखांच्या वर. दोन दुकानं दोन भावांच्या नावावर असली तरी एकत्र धरली जाऊ शकतात.

पुण्याच्या कंपनीनं दोन वर्षांसाठी सिडनीला पाठवलंय. दोन्हीकडे भरायचं?

नाही. भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्यातला सामाजिक सुरक्षा करार १ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. कंपनीनं ईपीएफओकडून सर्टिफिकेट ऑफ कव्हरेज घेतलं तर पाच वर्षांपर्यंत पीएफ भारतात चालू राहतो आणि इथलं सुपर लागत नाही. दाखला निघण्याआधी माणूस विमानात बसवतात, तिथे घोळ होतो. इथल्या कंपनीनं थेट नोकरीवर घेतलं असेल तर हा करार लागू नाही, सुपर द्यावंच लागेल.

कायमचं परत चाललोय. सुपर मिळेल?

तात्पुरत्या व्हिसावर असाल तर हो. देश सोडल्यावर आणि व्हिसा संपल्यावर ऑनलाइन अर्ज करायचा, तो फुकट आहे. बहुतेक रकमेवर ३५ टक्के कापतात: २०,००० शिल्लक असेल तर हातात १३,०००. वर्क अँड हॉलिडे व्हिसावर असताना कमावलं असेल तर ६५ टक्के. निघून सहा महिने झाले की फंड ते पैसे एटीओकडे पाठवतो, तिथूनही मागता येतात. इथून निघण्याआधी फंडातला ईमेल आणि फोन भारतातला करून ठेवा. बंद झालेल्या इथल्या नंबरवर येणाऱ्या ओटीपीपायी लोक महिनोन् महिने अडकतात.

पीआर किंवा नागरिकत्व असेल तर ही सोय नाही. नाशिकला जा की न्यूयॉर्कला, साठीपर्यंत पैसे इथेच.

नॉमिनी म्हणून आईचं नाव टाकलंय, पुरेसं आहे ना?

बहुधा नाही. बंधनकारक नॉमिनेशन फक्त जोडीदार, मुलं, आर्थिकदृष्ट्या तुमच्यावर अवलंबून असलेली व्यक्ती, किंवा एकत्र राहून एकमेकांना सांभाळणारी व्यक्ती यांच्याच नावे करता येतं. गावाकडे पेन्शनवर स्वतःचं भागवणारी आई किंवा नोकरी करणारा भाऊ यांत बसत नाहीत. अशा वेळी नॉमिनेशनमध्ये 'कायदेशीर प्रतिनिधी' निवडायचा आणि मृत्युपत्रात आईचं नाव लिहायचं, म्हणजे पैसे त्या वाटेनं जातात. अनेक फंडांत हे नॉमिनेशन दर तीन वर्षांनी संपतं आणि दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. फंडाला फोन करून विचारायचं ते इतकंच: माझं नॉमिनेशन बंधनकारक आहे का, आणि कोणत्या तारखेपर्यंत?